बडोद्याहून बर्फात चाललात? आधी हे वाचा

आपल्या बडोद्यात दरवर्षी हेच चालतं, दांडिया बजारातल्या कुणाचा मुलगा जानेवारीच्या इनटेकला कॅनडाला जातो, कुणी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी स्वीडनला निघतात, कुणाला कंपनी जपानला पाठवते, आणि सगळे विचारतात एकच, "स्वेटर किती घेऊ?" मी तिकडे काही हिवाळे काढून आलोय म्हणून मला पण विचारतात. खरं सांगू का, स्वेटर हा मुद्दाच नाहीये. बारा-तेरा डिग्रीला सूरसागरच्या फेरीत मफलर गुंडाळणारे आपण, आपल्याला वाटतं तिकडे जे आहे ते आपल्याच थंडीचं मोठं रूप असेल. तसं नसतं. बर्फ दर गावात वेगळा असतो आणि त्या त्या गावच्या लोकांनी त्याच्याशी जमवून घ्यायची आपली पद्धत बसवलेली असते, ती पद्धत पकडली की निम्मं काम झालं. तर क्रमाने सांगतो.

१. आधी तुमच्या गावचा बर्फ कोणता ते बघा

थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यात आधी डोक्यात बसवा. लडाखमध्ये थंडी भयंकर पण बर्फ त्यामानाने कमी, कारण ढग हिमालयातच अडकतात. उलट जपानचं साप्पोरो घ्या, तिथली थंडी कॅनडातल्या विनिपेगपेक्षा बरीच सौम्य, पण एका हिवाळ्यात जवळपास ५ मीटर बर्फ पडतो, आणि ते काही डोंगरावरचं खेडं नाही, वीस लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे. सायबेरियाकडून कोरडं गार वारं येतं, वाटेत जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतं आणि पलीकडच्या किनाऱ्यावर ओतून टाकतं. अमेरिकेतल्या बफेलो शहराचं पण तेच, फक्त समुद्राच्या जागी सरोवर.

म्हणून जायच्या गावाचं नुसतं किमान तापमान बघून घाबरू नका. जानेवारीत तिथलं तापमान शून्याच्या फार खाली राहतं की शून्याच्या आसपास खाली-वर करतं, ते बघा. विनिपेगला पहाटे उणे २० सहज असतं, तिथला बर्फ कोरडा, कोटावर पडला तर झटकला की गेला, पण वारा कापत जातो. टोरांटो, स्टॉकहोम, हॅम्बुर्ग इथे शून्याच्या अलीकडे-पलीकडे चालू असतं, बर्फ ओला पडतो, दुपारी वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि त्याचा पाय घसरवणारा काचेसारखा थर होतो. पहिल्या ठिकाणी उबेवर पैसे घालायचे, दुसऱ्या ठिकाणी वॉटरप्रूफ बुटांवर. हे उलटं केलंत तर महागडं जॅकेट अंगात आणि मोजे ओले, असली गंमत होते.

२. तिथले लोक बर्फाला काय म्हणतात ते शिका

हे मी कपड्यांच्या आधी मुद्दाम ठेवलंय. आपल्याकडे फ्रिजमधला बर्फ, गोळ्याचा बर्फ आणि हिमालयावरचा बर्फ, सगळा बर्फच. पुस्तकात हिम आहे पण बोलताना कोण म्हणतं? आपल्याला त्यात काही अडतही नाही. तिकडे अडतं, कारण पडणारा मऊ बर्फ आणि जमिनीवरचा गोठलेला बर्फ यात पाय शाबूत राहण्याचा फरक आहे.

मग तुम्हाला व्हॉट्सअॅपवर आलेलं आठवेल, एस्किमोंकडे बर्फासाठी शंभर शब्द आहेत वगैरे. ते जरा सोडून द्या. १९११ मध्ये फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने फक्त चार दिले होते, जमिनीवरचा बर्फ, पडता बर्फ, वाऱ्याने वाहणारा बर्फ आणि वाऱ्याने साचलेला ढीग. १९४० मध्ये बेंजामिन व्होर्फ या भाषा-अभ्यासकाने त्यावर लेख लिहिला आणि पुढे वर्तमानपत्रांनी आकडा फुगवत नेला, १९८६ मध्ये लॉरा मार्टिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हे सगळं उकरून दाखवलं तरी फॉरवर्ड काही थांबत नाहीत. त्या लोकांच्या भाषांत एका मुळाला इतके प्रत्यय लागतात की शब्द मोजायचे तरी कसे हाच प्रश्न आहे. आणि महत्त्वाचं, कॅनडात एस्किमो म्हणू नका, तिथे ते अपमानाचं धरतात, इन्युइट म्हणायचं.

खरा मोठा साठा बघायचा तर उत्तर नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या सामी लोकांकडे बघा. ओले हेन्रिक मग्गा हे स्वतः सामी असलेले भाषातज्ज्ञ, त्यांनी बर्फाविषयीचे पावणेदोनशेच्या घरात मूळ शब्द नोंदवलेत. पण मला आकड्यापेक्षा त्यातला एक शब्द आवडतो, गुओह्तुन. रेनडिअरला बर्फ उकरून खालचं शेवाळासारखं खाणं मिळेल का, चरायची स्थिती कशी आहे, एवढं सगळं त्या एकात येतं. कारण हिवाळ्यात मध्येच पाऊस पडला आणि वर कडक थर बसला की जनावर उपाशी मरतं, तेव्हा सामींना बर्फ पांढरा आहे की सुंदर आहे यात रस नाही, चारा मिळतो का यात आहे. आणि शब्दांचा नुसता ढीगच हवा असेल तर स्कॉटलंड, ग्लासगो विद्यापीठाने २०१५ मध्ये स्कॉट्स भाषेत बर्फाशी संबंधित ४२१ शब्द जमवल्याचं जाहीर केलं, त्यात 'फीफल' म्हणजे कोपऱ्यावरून गरगर उडत जाणारा बर्फ. चारा-बिरा काही नाही, नुसतं खिडकीतून बघत बसलेल्या माणसाचा शब्द वाटतो मला.

आता तुम्हाला लागणारे शब्द. फ्लरीज म्हणजे नुसता भुरभुर, छत्री शोधू नका, बर्फात तसंही कोणी छत्री फारशी वापरत नाही, जपानी सोडून. स्लश म्हणजे रस्त्याकडेचा करडा चिखल, वरून घट्ट दिसतो आणि पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात जातो. ब्लॅक आइस म्हणजे डांबरावर बसलेला पारदर्शक थर, दिसतच नाही, नुसता ओला रस्ता वाटतो. ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, हा कॅनडात हवामान खात्याचा ठरलेला शब्द आहे, वारा ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त, दिसणं ४०० मीटर किंवा कमी, आणि हे निदान ४ तास, तर ब्लिझर्ड. विंड चिल म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवते ती थंडी, बाहेर पडताना हाच आकडा बघायचा, उणे २८ च्या खाली गेला तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वाऱ्याने उडणाऱ्या बर्फाला पूद्ररी म्हणतात, फिनलंडमध्ये चिखलाला लोस्का आणि गोळा वळता येईल अशा बर्फाला नुओस्का, जर्मनीच्या रेडिओवर ग्लाटआइस, म्हणजे रस्त्यावरचा निसरडा बर्फ, ऐकलं की सायकल घरी. स्वीडनमध्ये भिंतीवर तकरास लिहिलेली पाटी दिसली तर तिच्याखालून जाऊ नका, छतावरून बर्फ कोसळतोय असा इशारा आहे तो.

आणि एक शब्द काळजात कोरून ठेवा, फ्रीझिंग रेन. आपल्या गुजरातच्या माणसाला पाऊस म्हटलं की भजी आठवतात, बाहेर पडावंसं वाटतं. हा पाऊस जमिनीला, तारेला, झाडाला लागताक्षणी गोठतो. १९९८ च्या जानेवारीत क्युबेक आणि ओंटारिओत असा पाऊस काही दिवस पडत राहिला, बर्फाच्या वजनाने विजेचे मोठमोठे लोखंडी टॉवर वाकले, लाखो लोक अंधारात गेले आणि काही भागांत आठवड्यांनी वीज आली. बर्फाच्या देशातले लोक बर्फाला घाबरत नाहीत पण फ्रीझिंग रेन ऐकलं की चेहरे बदलतात, तुम्ही पण घरीच बसा.

३. कपडे: काय इथून, काय तिथून

जॅकेट इथून घेऊ नका. मॉलमध्ये लावलेलं जाड दिसणारं जॅकेट तिथे पहिल्याच वाऱ्यात उघडं पडतं, आणि बॅगेत अर्धी जागा खातं. उतरल्यावर घालायला एक साधारण असू दे, बाकी तिथेच घ्या, सेकंडहँड दुकानांत चांगली मिळतात. बूट पण तिथलेच, आपल्या स्पोर्ट्स शूजचा तळवा थंडीत कडक होतो आणि घसरतो. इथून न्यायचं ते थर्मल इनर, दोन-तीन जोड, आणि लोकरी मोजे, आजीने विणलेले असतील तर सोन्याहून पिवळं.

घालायची रीत तीन थरांची. अंगालगत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं. कॉटन बनियन आत घालायची आपली सवय तेवढी मोडा, घाम आला की कॉटन ओलं राहतं आणि तेच गारठवतं. दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, हवा खेळायला जागा नसेल तर पाय जास्त गार पडतो. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहतात तो मिटन जास्त उबदार. आणि माकडटोपी! मुलं हसतील, हसू दे, तिकडे तीच दुप्पट पैशात वेगळ्या नावाने विकतात.

काकूंसाठी: साडी नेसायची तर आत थर्मल लेगिंग घाला पण रस्त्यावर नका, निऱ्या स्लशमध्ये भिजतात आणि घरी येईपर्यंत खालची किनार कडक होते. पंजाबी ड्रेसवर लांब कोट बरा. फार थंडीत धातूचे मोठे कानातले काढून ठेवा. चष्मा असेल तर बाहेरून आत आल्यावर काही दिसणार नाही, दारातच थांबा, पायरी चुकते. फोन आतल्या खिशात, बाहेरच्या खिशात बॅटरी बघता बघता उतरते.

आपल्याच देशात बघायचं तर काश्मिरी लोकांचं कपड्यांचं गणित काय सुंदर आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा, थंडीचे पण मोठी-धाकटी-पिल्लू असे भाग पाडलेत. फेरन, म्हणजे त्यांचा लांब अंगरखा, ढगळ असतो तो उगाच नाही, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरता यावी म्हणून. दुधी, वांगी, टोमॅटो उन्हाळ्यातच वाळवून ठेवतात, आणि पहिला बर्फ पडला की शीन मुबारक. म्हणजे रस्ता बंद होणार हे माहीत असून एकमेकांना शुभेच्छा.

४. चालणं

पेंग्विनसारखं चाला असं तिकडे शाळेतल्या पोरांना शिकवतात, तेच तुम्ही करा. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकायचा, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. साठीच्या पुढच्यांनी बुटाला लावायचे काटेरी रबरी पट्टे घ्या, तिकडे मिळतात, लाज वाटू देऊ नका, तिथले म्हातारे पण लावतात. पायरीवर मीठ टाकतात ते साधं मीठच, पण उणे १० च्या खाली ते नीट काम करत नाही म्हणून फार थंड गावांत रेती किंवा बारीक खडी टाकतात. मिठाने चामड्याचे बूट पांढरे पडतात, व्हिनेगर-पाण्याने पुसायचे.

५. बर्फ काढणं, आणि त्यातलं शेजारपण

इथे आपले लोक फसतात, कारण आपल्याला वाटतं रस्ता म्हणजे महानगरपालिकेचं काम. जर्मनीत घरासमोरचा फूटपाथ साफ करणं घरमालकाची जबाबदारी, आणि भाडेकरारात लिहिलं असेल तर ती तुमच्यावर येते, बऱ्याच गावांत सकाळी ७ पासून रात्री ८ पर्यंत. तिथे कुणी घसरून पडलं तर भरपाई मागू शकतो. करार सही करण्याआधी तो परिच्छेद वाचा. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये गाडी लावू नका अशा नारिंगी पाट्या लागतात आणि बर्फ काढायच्या आधी टोइंगवाली गाडी सायरन वाजवत फिरते, तो सायरन ऐकून आपली गाडी हलवली नाही तर ती उचलतात. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, दुसऱ्या प्रांतात नियम वेगळे.

शिकागोची गंमत ऐका. रस्त्याकडेची जागा तुम्ही फावड्याने तासभर खपून मोकळी केली, गाडी घेऊन ऑफिसला गेलात, परत येता तर दुसऱ्याचीच गाडी. म्हणून लोक त्या जागेत जुनी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काय वाट्टेल ते ठेवून जातात, आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो अगदी तसं. डिब्ज म्हणतात त्याला. कायद्यात बसत नाही पण मोडणाऱ्याची गाडी शाबूत राहीलच असं नाही. बॉस्टनने यावर मधला मार्ग काढला, शहराने जाहीर केलेली स्नो इमर्जन्सी संपल्यावर ४८ तास खुर्ची चालते, मग उचलायची. नवीन माणसाने एकच करायचं, रिकाम्या जागेत खुर्ची दिसली तर पुढे जायचं.

फावडं मारायची गोष्ट गंभीरपणे घ्या. ताजा हलका बर्फ १० सेंटिमीटर म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी, म्हणजे एका चौरस मीटरला १० किलो. घरासमोरची ३० चौरस मीटर जागा धरली तर ३०० किलो झाले, आणि ओला बर्फ याच्या दुप्पट-तिप्पट. सकाळी उपाशीपोटी, गारठ्यात, सवय नसलेल्या माणसाने हे करायला घेतलं की हृदयावर ताण येतो, दर हिवाळ्यात यात माणसं जातात. तेव्हा मुलाकडे गेलेल्या काकांनी "आण इकडे, मी करतो" हा बाणा दाखवू नये, स्पष्टच सांगतो. तरुणांनी पण उचलून फेकण्यापेक्षा ढकलायचं, आणि पडत असतानाच थोडं थोडं काढायचं.

जपानमध्ये तर छतावरचा बर्फ उतरवावा लागतो, युकिओरोशी, गावांत म्हातारीच माणसं उरलीत आणि तीच वर चढतात, पडून मरतात, दरवर्षीची बातमी आहे. त्यांच्या जुन्या लोकांनी शिराकावा-गोसारख्या गावांत छपरंच इतकी उभी केली, जवळपास ६० अंशांची, की बर्फ फार साचूच नये. १९९५ पासून ते गाव जागतिक वारशात आहे. आणि नागाओका शहरात रस्त्याच्या मध्ये नळ्या बसवून भूगर्भातलं पाणी शिंपडतात, बर्फ वितळून वाहून जातो. हे ऐकून विनिपेगला अंगणात पाण्याची बादली ओतू नका! नागाओकात हवा शून्याच्या आसपास असते आणि विहिरीचं पाणी कोमट, म्हणून जमतं, उणे २० ला तुम्ही स्केटिंगचं मैदान तयार कराल. गाडीच्या काचेवर गरम पाणी तर कधीच नाही, काच तडकते.

६. गाडीत अडकलात तर

इंजिन चालू ठेवून हीटर लावायचा मोह होतो. आधी उतरून मागचा सायलेन्सर बर्फात बुजलाय का ते बघा, बुजला असेल तर धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागते आणि माणूस उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या अडकल्या, वीसपेक्षा जास्त लोक गेले, त्यात बरेचसे याच कारणाने. सायलेन्सर मोकळा करायचा, इंजिन थोडा वेळ लावायचं थोडा वेळ बंद, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित उघडी. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, आणि ठेपल्यांचा डबा, हा शेवटचा सल्ला माझा पण हवामान खातं पण खाणं ठेवा असंच सांगतं. कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ मैदानांच्या, भागात गाडीच्या पुढून विजेचा प्लग लोंबताना दिसला तर ती इलेक्ट्रिक गाडी नव्हे, रात्री इंजिन उबदार ठेवायचा ब्लॉक हीटर असतो तो.

७. घरात

हीटिंगने हवा कोरडी ठाक होते, ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला शॉक बसतो. पाणी पीत राहा, खोबरेल तेल न्या. हाता-पायाची बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही, कोमट पाण्यात धरा आणि कळ थांबली नाही किंवा रंग परत आला नाही तर डॉक्टर. शेकोटी किंवा हीटरला लावू नका, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

आज्यांसाठी आधीच सांगून ठेवतो, स्वीडन-फिनलंडमध्ये तान्ह्या बाळाला गरम गुंडाळून बाबागाडीत बाहेर झोपवतात, शून्याखाली पण. लेक-जावई असं करायला लागले तर घरात रामायण होतं. ती तिकडची जुनी रीत आहे, पुष्कळ जण करतात, तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही, पण शेजारणीसमोर "अगं बाई, पोर बाहेर टाकलं" म्हणून धावू नका.

८. बोलायचं काय

नॉर्वे-स्वीडनमध्ये "वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात" ही म्हण तुम्हाला आठवड्यातून एकदा ऐकवतील, हसून घ्या. अर्थ एवढाच की बर्फ पडला म्हणून ऑफिसला उशीर झाला हे कारण चालत नाही. पण हे सगळीकडे लावू नका. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अटलांटात जेमतेम ५ सेंटिमीटर बर्फ पडला आणि शहर ठप्प, लोक रात्रभर हायवेवर, पोरं शाळेत मुक्कामाला. उत्तरेकडचे लोक खूप हसले, पण ज्या शहरात बर्फ काढायची यंत्रं मोजकी आणि विंटर टायर कोणाकडेच नाहीत तिथे असंच होणार. आपल्याकडे पहिल्या पावसात अंडरपास भरतात तेव्हा आपण काय वेगळे दिवे लावतो! म्हणून शाळा-ऑफिस बंद आहे का, बस चालू आहे का, हे सकाळी त्या गावच्या बातमीत बघायचं, बर्फाच्या जाडीवरून ठरवायचं नाही.

आणि जे नुसते आठवडाभर मनालीला निघालेत त्यांनी हे सगळं पाठ करायची गरज नाही. सोलंगच्या वाटेवर ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, तेवढ्यात भागतं. अटल बोगदा २०२० मध्ये झाल्यापासून पलीकडे लाहौलला जाणं सोपं झालंय, पण जास्त बर्फ पडला की पोलीस फक्त फोर बाय फोर आणि टायरला चेन लावलेल्या गाड्या सोडतात, रस्त्याचं हॉटेलवाल्याला विचारू नका, टॅक्सीवाल्याला विचारा. गॉगल हवाच, ताज्या बर्फावरून ऊन उलटं डोळ्यात येतं, ढगाळ असलं तरी. गमबूट मात्र आतून आधीच्या माणसाने ओले केलेले असतात, मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवा.